मांजरोळीची माती

“कितीक माती पायजे, बाई?” कमरेइतक्या पाण्यात उभ्या असलेल्या बिराआबांनी मला विचारलं.

“चमचाभर पुरे आहे, आबा.”

“चमचाभर?” आबा हसले. “चमचाभर मातीपायी पुण्यासनं जीप घिऊन आलाय व्हय? घमेलंभर देतो की.”

मी काठावर साडी खोचून उभी होते. पायाशी काचेच्या नळ्यांची पेटी आणि पेटीच्या पलीकडे आबांचा मुलगा धुळा. समोर काही आठवड्यांपूर्वीपर्यंत मांजरोळी नावाचं अख्खं गाव होतं. आता नदीकडची घरं पाण्यात गेली होती. धरणाचे दरवाजे बंद झाल्यापासून नदी वाहायची थांबली होती, ती आवाज न करता नुसती फुगत होती. वरच्या अंगाच्या घरांची कौलं उतरवून, दारं-चौकटी काढून लोकांनी रस्त्याकडेला रचून ठेवली होती आणि माणसं मालमोटारींची वाट बघत आपापल्या सामानावर बसली होती. आबांचं मेंढरांचं वाडगं नदीलगतच होतं. त्याचा दगडी गडगा पाण्यातून अर्धामुर्धा वर दिसत होता, आणि पलीकडचा एक उंच कोपरा तेवढा अजून पाण्याबाहेर होता. त्या कोपऱ्यातली माती मला हवी होती.

“आबा, तुमी या माघारी,” धुळा म्हणाला. “ऱ्हाऊ द्या ती माती.”

“तू गप. बाई इतक्या लांबनं आल्यात.”

धुळा पाण्याच्या कडेपर्यंत जाऊन उभा राहिला. गाव बुडताना बघून त्याचा जीव तुटत असेल, असं मला वाटलं.

मी तेव्हा पुण्याजवळच्या एका औषधकंपनीत संशोधन विभागात होते. आमचं काम बाहेर कुणाला सांगितलं तर लोक हसायचे, कारण आम्ही माती गोळा करायचो. चिमूटभर मातीत डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जिवाणू असतात. पडलेलं पान तेच कुजवतात, मेलेलं जनावर मातीला परत देतात, हवेतला नत्र पिकांच्या मुळाशी आणून ठेवतात. ते नसते तर हे जग केव्हाच आपल्याच केरकचऱ्याखाली गाडलं गेलं असतं. त्यांच्यातले काही तर आपल्या वाट्याच्या अन्नावर दुसऱ्याने हात मारू नये म्हणून शेजारच्या जिवाणूंना मारणारा रस सोडतात. तो रस मिळाला की आमचं औषध झालं. पण कुठल्या मातीत काय दडलंय हे आधी कळत नाही. म्हणून कंपनीची रीतच होती, की गावी जाणाऱ्या प्रत्येकाने, मग तो साहेब असो की झाडूवाला, कापसाचं बूच लावलेली एक निर्जंतुक नळी सोबत न्यायची आणि आपल्याकडची माती भरून आणायची.

धुळा ठोंबरे आमच्याकडे काचसामान धुवायच्या खात्यात होता. धनगराचा मुलगा, कमी बोलणारा. त्याच्या हातून कधी नळी फुटली असं झालं नाही. एका वर्षी तो बिरोबाच्या जत्रेला गावी गेला आणि परत आल्यावर माती भरलेली नळी माझ्या टेबलावर ठेवून गेला. मी त्याला हाक मारून बोलावलं.

“कुठली रे ही?”

“मांजरोळीची.”

“ते कळलं. गावात कुठली? शेतातली, ओढ्यातली?”

तो जरा थांबला. “आमच्या मेंढरांच्या वाडग्यातली,” म्हणाला.

त्या मातीतून जे उगवलं, ते मी आयुष्यात पुन्हा पाहिलं नाही. दिसायला बुरशीसारखं, पण बुरशी नव्हे, जिवाणूच. बशीत त्याचे करडे, मखमली ठिपके उठले. त्या वर्षी पुण्यात विषमज्वराचे असे रोगी येऊ लागले होते, की नेहमीच्या औषधाला त्यांचा ताप दाद देत नव्हता. मी रुग्णालयातून तसल्या एका रोग्याचे जंतू आणले होते. कापड दुकानात काम करणारी बाई होती, ताप मेंदूवर गेला होता, ती खाटेवर बसून हवेतल्या हवेत कापड मोजत होती. चौथ्या दिवशी ती गेली. तिचे जंतू बशीभर पसरून मधोमध धुळाच्या मातीतला हा ठिपका ठेवला, तर दुसऱ्या दिवशी त्याच्याभोवती काचेसारखं स्वच्छ वर्तुळ. त्या वर्तुळात एक जंतू जिवंत नव्हता.

आमचे विभागप्रमुख डॉ. कर्णिक फार जपून बोलणारे. त्यांनी बशी उजेडात धरली, फिरवली, चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितली.

“प्रमिला,” ते म्हणाले, “ही आता सांभाळा.”

कागदोपत्री तिला क्रमांक मिळाला, पण तो कुणाच्याच तोंडी बसला नाही. सगळे तिला ‘मांजरोळी’च म्हणायचे. आज मांजरोळी कशी आहे, मांजरोळीला ऊब कमी पडतेय, मांजरोळीने आज चांगला रस दिला. घरच्या लेकीबद्दल बोलावं तसं चालायचं. धुळाला मी धुण्याच्या खोलीत जाऊन सांगितलं. त्याचे दोन्ही हात साबणाच्या पाण्यात होते.

“आमच्या गावची?” त्याने विचारलं.

“तुझ्या गावची. तुझ्या वाडग्यातली.”

तो हसला नाही. हात पाण्यातच ठेवून खाली बघत राहिला. आनंदाने गहिवरला असेल, असं समजून मी परत आले.

बातमी गावी पोचली. थोड्याच दिवसांत बिराआबा स्वतः पुण्याला आले. लाल पटका, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. फाटकावरच्या रखवालदाराने त्यांना अडवलं तर म्हणाले, “आमच्या वाडग्याची माती बगाया आलोय.” मी त्यांना आत नेलं. त्यांनी बशीतली ती करडी मखमल वाकून बघितली.

“कोकराच्या लोकरीवानी हाय,” म्हणाले. मग विचारलं, “वास घिऊ का?”

नियमाप्रमाणे झाकण उघडायचं नसतं. मी एक जुनी, टाकून द्यायची बशी काढली आणि उघडून त्यांच्यापुढे धरली. आबांनी डोळे मिटून वास घेतला.

“व्हय,” म्हणाले. “आमचंच वाडगं.”

ओल्या मातीचा जो वास आपण ओळखतो, तो या जातीच्या जिवाणूंचाच असतो. रानातली घ्या नाहीतर अंगणातली, वास तोच. पण म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर जे दिसत होतं ते बघून मी काही बोलले नाही. जाताना ते म्हणाले, “बाई, धरन हुनार म्हंत्यात. गाव जानार आमचं. पर मांजरोळीचं नाव तुमच्याकडं ऱ्हाईल, न्हाई का?”

“राहील की, आबा.”

धुळा दारात उभा होता. वडिलांना हाताला धरून तो फाटकापर्यंत सोडायला गेला.

त्यानंतर काही वर्षं आम्ही मांजरोळीच्या मागे होतो. उंदरांवर प्रयोग झाले, सशांवर झाले, रस शुद्ध करण्याची रीत बसत आली. आणि मग ती हळूहळू आमच्या हातून जाऊ लागली. हे असं होतं. रानातला जिवाणू बशीत, आयत्या अन्नावर, पिढ्यान्‌पिढ्या वाढवला, की त्याला शेजाऱ्यांना मारायचं कारणच उरत नाही. आधी करड्या मखमलीला मधेच टक्कल पडायला लागलं. मग सबंध ठिपके गुळगुळीत उठू लागले. वर्तुळ लहान होत होत दिसेनासं झालं. गोठवून, वाळवून ठेवलेल्या कुप्या आम्ही एकेक फोडल्या, पण त्याही आधीच थकलेल्या पिढीच्या निघाल्या. धुळाने आणलेली मूळ माती तर पहिल्याच चाचण्यांत संपून गेली होती.

डॉ. कर्णिक म्हणाले, “मातीत एक होता म्हणजे आणखी असणार. जा आणि त्याच जागची माती पुन्हा घेऊन या.”

मी धुळाला सांगितलं. तो म्हणाला, “बाई, तिकडं पानी आलंय. आमच्या पावन्यांच्या गावची आनून दिऊ का? लई चांगली माती हाय.”

“धुळा, दुसरी कुठली नको. तीच जागा हवी. तू दाखवायची.”

“मी एकलाच जाऊन आनतो.”

“नाही. या वेळी मी स्वतः येणार.”

जीपमध्ये तो सबंध वाटभर बाहेर बघत होता.

तर अशी मी त्या काठावर उभी होते. आबा पाण्यातून पलीकडे पोचले आणि वाडग्याच्या कोपऱ्यावर चढले. तिथली माती वरून पावसाने भिजून चिखल झाली होती. आतली, गडग्याच्या बुडातली घ्या, असं मी ओरडून सांगितलं. आबांनी पहार घातली आणि एक दगड उचकटला, दुसरा उचकटला. तिसरा घसरला आणि त्यांच्या पायावर आला. ते नुसतं “अगं आयवं” म्हणून खाली बसले.

धुळा पाण्यात उडी टाकून गेला. आबांना आधार देऊन अलीकडे घेऊन आला तेव्हा त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा पार चेचला होता. जखमेत काळी, लेंड्यांची माती भरली होती आणि एवढं होऊनही घमेलं त्यांनी डोक्यावर धरलेलं होतं.

“घ्या,” म्हणाले. “बुडातली हाय.”

मी घमेल्याकडे बघितलंच नाही. जीपमधून पिण्याचं पाणी आणून जखम धुतली, औषधाच्या पेटीतलं जे होतं ते लावलं, पट्टी बांधली. शेळ्या-मेंढ्यांच्या लेंड्यांनी भरलेल्या मातीत जसे औषध देणारे जिवाणू असतात, तसे धनुर्वाताचेही असतात. उघड्यावर ते झोपलेले असतात. चेचलेल्या मांसात, जिथे हवा पोचत नाही तिथे, ते जागे होतात.

“आबा, आत्ता माझ्याबरोबर चला,” मी म्हणाले. “तालुक्याच्या दवाखान्यात जाऊ. एक सुई घ्यायची आणि परत यायचं. जीप आहे.”

“एवढ्याशा ठेचंला सुई?”

“ठेच नाही ही. या मातीत धनुर्वाताचे जंतू असतात.”

आबा माझ्याकडे बघून समजूत घातल्यासारखं हसले. “बाई, ह्या लेंड्यांतच माजा जल्म गेला. हितंच जन्मलो. ही माती मला काय करंल? तुमीच म्हनला नव्हं, ह्या मातीत अवशीद हाय म्हनून.”

“औषध आहे तसं विषही आहे, आबा. दोन्ही असतं.”

“आनि मेंढरं? आज सांजंला खालची समदी वाट पान्यात जानार. आत्ता निगालो तरच मेंढरं पलीकडं जात्याल.”

ते खोटं नव्हतं. टेकाडावर सगळा कळप गोळा करून ठेवला होता, आबांची बायको कोंडाबाई काठी घेऊन उभी होती आणि धरणाच्या खात्याचा माणूस येऊन तिसऱ्यांदा सांगून गेला होता, की आता थांबू नका. नवी जागा तीन-चार मुक्कामांवर होती. मालमोटारी माणसांसाठी आणि सामानासाठी होत्या, मेंढरांना चालतच जायचं होतं.

मी खूप बोलले. विनवलं, रागावलेसुद्धा. कोंडाबाईंना सांगितलं, त्यांनीही नवऱ्याला सांगून पाहिलं. आबा एकच म्हणत राहिले, की नव्या जागी पोचलो की घेतो सुई. शेवटी मी धुळाला बाजूला घेतलं.

“तू त्यांच्याबरोबर राहा. तुझ्या रजेचं मी बघते. वाटेत पहिला दवाखाना लागेल तिथे त्यांना धरून ने. समजलं?”

“व्हय, बाई.”

तो असा पांढरा पडला होता, की एकदा वाटलं, हा आत्ता काहीतरी बोलणार. त्याने तोंड उघडलंही. तेवढ्यात आबांनी लांबून हाक मारली, “धुळ्या, बाईंची माती गाडीत नीट ठिव रं. सांडू नगंस.” त्याने तोंड मिटलं आणि घमेलं उचललं.

पुढचं मला नंतर कळलं. धुळा वडिलांबरोबरच चालत होता. वाटेत पहिला दवाखाना लागला तो बंद. तिथली माणसं उठलेल्या गावांच्या छावणीवर गेलेली. दुसरा दवाखाना वाट सोडून बराच आत होता आणि आबा कळप सोडून जायला तयार झाले नाहीत. पाय सुजला होता पण दुखणं कमी आहे, असं म्हणत ते काठी टेकत नव्या जागेपर्यंत चालले. तिथे मुरमाड माळावर त्यांना आखून दिलेला तुकडा त्यांनी बघितला, मेंढरांसाठी काट्यांचं कुंपण करायला घेतलं. आठवड्याच्या आत एका सकाळी भाकरीचा घास त्यांना चावता येईना. जबडा धरला म्हणून कुणी तेल चोळलं. दुपारी पाठीची कमान झाली. जिल्ह्याच्या रुग्णालयात पोचेपर्यंत उशीर झाला होता.

धुळा कामावर परत आला तेव्हा त्याच्या डोक्यावरचे केस काढलेले होते. मी त्याच्याजवळ गेले. त्यानेच विचारलं, “बाई, त्या मातीत काय गावलं का?”

“अजून नाही. शोधतोय.”

त्याने मान हलवली आणि नळ्यांची चळत धुवायला उचलली.

आम्ही खरोखरच शोधत होतो. आबांनी दिलेल्या घमेलंभर मातीतून मी इतक्या बशा लावल्या, की मदतनीस मुली कंटाळल्या. करडे उगवले, पांढरे, पिवळे, गुलाबी उगवले. काहींनी रस सोडला, पण तो जगाला आधीच माहीत असलेला होता. मांजरोळी त्यात नव्हती. डॉ. कर्णिकांनाही नवल वाटलं. एवढ्या मातीत तिचा एक वंशज असू नये, याचा अर्थ त्यांनाही लागेना.

एक दिवस मात्र मी कुणाला न सांगता त्या मातीतला थोडा अंश हवा काढलेल्या नळीत वाढवला. काचपट्टीवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. बारीक काड्या होत्या, प्रत्येकीच्या एका टोकाला गोल गाठ, ढोलाच्या टिपरीसारखी. धनुर्वाताचे जंतू. मी ते बघत कितीतरी वेळ बसून राहिले. आम्हाला हवं होतं ते त्या मातीत नव्हतं. हे होतं.

धुळाला मी ते कधी सांगितलं नाही.

मग प्रकल्प बंद झाला. विषमज्वरावर परदेशातून दुसरी औषधं आली, तीही पुढे दाद देईनाशी झाली, मग तिसरी आली. मधल्या काळात किती माणसं गेली, त्याचा हिशेब कुणी ठेवत नाही. डॉ. कर्णिक निवृत्त झाले. त्यांच्या निरोपाच्या दिवशी ते एवढंच म्हणाले, “प्रमिला, मांजरोळी जगली असती तर.” वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. धुळाही निवृत्त होऊन नव्या मांजरोळीला राहायला गेला. मीसुद्धा यथावकाश घरी बसले.

मागच्या हिवाळ्यात नव्या मांजरोळीच्या शाळेने मला बक्षीस समारंभाला बोलावलं. एवढ्या लांब जाऊ नको, असं सगळे म्हणत असताना मी गेले. मुरमाड माळावर आता घरं होती, चिंचा वाढल्या होत्या, पाण्याची टाकी होती. हेडमास्तर पवार हे तरुण गृहस्थ, जुनं गाव त्यांनी बघितलेलंही नव्हतं. पण माइकसमोर उभे राहून ते मुलांना असं सांगत होते, जणू काल घडलं. आपल्या जुन्या गावच्या मातीत औषध सापडलं होतं. ती माती बाईंना काढून देताना बिराआबा ठोंबऱ्यांनी आपला प्राण दिला. आपलं गाव पाण्याखाली गेलं, पण विज्ञानाच्या जगात मांजरोळीचं नाव आहे. मुलांनी टाळ्या वाजवल्या. एका मुलीने उठून मला विचारलं, “बाई, हे खरं हाय का?”

“खरं आहे,” मी म्हणाले. “मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.”

धुळा मागच्या ओळीत खुर्चीवर बसला होता. मिशा पांढऱ्या झालेल्या, आबांसारखाच पटका. त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत.

परतीच्या एसटीला वेळ होता. फाट्यापर्यंत मला सोडायला धुळा आला. चिंचेखाली सिमेंटचा बाक होता, तिथे आम्ही बसलो. पुष्कळ वेळ तो काठीने जमिनीवर रेघा ओढत राहिला.

“बाई,” तो म्हणाला, “ती माती मांजरोळीची नव्हती.”

मला आधी कळलंच नाही. “कुठली माती?”

“पैली. म्या नळी भरून आनली ती.”

मी मांडीवरची पिशवी खाली ठेवली.

“जत्रंत इसरून गेलो बगा. नळी पिशवीत तशीच ऱ्हायली. येताना घाटाच्या पायथ्याला एसटी बंद पडली. समदी उतरली. तितं एक रसाचं गुऱ्हाळ हुतं, त्याच्या मागं चिपाडांचा उकिरडा. पिशवीत हात घातला तर नळी हाताला लागली. मोकळी नळी बगून तुमी बोलाल म्हनून तितलीच माती भरली. तुमी इचारलं कुठली, तर मांजरोळी म्हनलो. वाडगं म्हनलो. मला काय ठावं त्यातनं कायतरी निगंल म्हनून. रोज इतक्या नळ्या यायच्या.”

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. त्याचा आवाज विरेपर्यंत मी मनात ती वाट आठवत होते.

“धुळा,” मी म्हणाले, “तो घाट आपल्या वाटेवरच होता. त्या दिवशी आपण जीपमधून तिथूनच गेलो.”

“व्हय.”

“तेव्हा गुऱ्हाळ होतं तिथे?”

“हुतं. उकिरडाबी हुता.”

“मग एका शब्दाने सांगायचंस.”

“सांगनार हुतो. रोज सांगनार हुतो. पर तुमी त्येला मांजरोळी म्हनाय लागला. म्या नळ्या धुयाचो, त्येच्यावर गावाचं नाव लिवल्यालं असायचं. आबा येऊन बगून गेला, गावात समद्यास्नी सांगत सुटला. मग पानी आलं. बाई, गावाची घरं गेली, देवळातला बिरोबा उचलला, शेतं गेली. नाव तेवढं तुमच्या नळ्यांवर ऱ्हायलं हुतं. ते म्या कसं पुसायचं?”

मला राग यायला हवा होता. माझ्या उमेदीची सगळी वर्षं त्या एका वाक्यापाशी अडली होती. रुग्णालयातली ती हवेत कापड मोजणारी बाई, तिच्यानंतरच्या कितीतरी जणी आणि कितीतरी जण, सगळे त्याच वाक्याच्या पलीकडे उभे होते. पण समोर बसलेला म्हातारा माणूस काठीच्या टोकाकडे बघत होता, आणि मला दिसत होते ते डोक्यावर घमेलं धरून पाण्यातून येणारे बिराआबा.

“आबा पाण्यात उतरले तेव्हा तरी?” मी विचारलं.

“तवा तोंडावर आलं हुतं. या माघारी म्हनलो. पर त्यो हसत हुता, बाई. गाव सोडायचं ठरल्यापासनं पैल्यांदा हसत हुता.”

त्याने काठी आडवी मांडीवर घेतली. मग म्हणाला, “जिल्ह्याच्या दवाखान्यात मी बसलो हुतो त्येच्यापाशी. दात आवळल्यालं, अंग ताठ. बोलायला येत नव्हतं. तरी दातांतनंच इचारलं, माती लागू पडली का?”

“तू काय सांगितलंस?”

“पडली म्हनलं.”

एसटी आली. धुळाने माझी पिशवी आत ठेवून दिली आणि खिडकीखाली उभा राहिला. “आता हेडमास्तरला काय सांगायचं ते तुमी सांगा,” म्हणाला. “माजी हरकत न्हाई.”

मी त्याच्या हातावर हात ठेवला. गाडी सुटली.

संध्याकाळी घाटाच्या पायथ्याशी गाडी चहासाठी थांबली. मी उतरले. तिथे आता मोठी हॉटेलं आहेत, पेट्रोल पंप आहे, वरून उड्डाणपूल गेला आहे. गल्ल्यावरच्या माणसाला मी विचारलं, इथे पूर्वी उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं का. तो म्हणाला, आम्ही आलो तेव्हापासून तरी नाही. हॉटेलाच्या मागे जाऊन पाहिलं. भिंतीपासून भिंतीपर्यंत सिमेंटच्या फरश्या बसवल्या होत्या, त्यावरून भांड्यांचं साबणाचं पाणी गटारात जात होतं. वाकून चिमूटभर माती उचलावी, एवढीही उघडी जागा तिथे नव्हती.